लाल खुणांमधली जागा

उत्रोली, ता. भोर
१२ जानेवारी २०२५

संपत,

आशीर्वाद लिहावा की नाही यावर पेन हातात धरून पाच मिनिटं बसले. शेवटी लिहिते. आशीर्वाद.

तुला नवल वाटेल. वाटू दे. ओटीचं ताट घेऊन मला त्या फाटकावरून माघारी यावं लागलं, त्या दिवशी मी म्हटलं होतं की ह्या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. सहा वर्षं पाळलं. तुझा फोन आला की मी मोबाईल धनश्रीच्या हातात देते, आणि सूनबाई बिचारी ‘आत्याबाई देवाला गेल्यात’ म्हणून थाप मारते. एवढ्या वेळा देवाला गेले असते तर आतापर्यंत देवच कंटाळला असता. पण परवा डोक्यात आलं, मी बोलणार नाही असं म्हटलं होतं, लिहिणार नाही असं कुठं म्हटलं होतं?

गेल्या महिन्यात पोस्टातून सुटले. पासष्ट पुरी झाली. आयुष्यभर उत्रोलीच्या पोस्टात बसून लोकांची पत्रं वाटली, पण मला घरचं पत्र म्हणून कधी आलं नाही आणि मी कुणाला लिहिलं नाही. हे पहिलं. पत्त्यात सवयीनं तालुका वेल्हे लिहिलं, मग खोडून राजगड केलं. दोन्हीनं पोचतंच म्हणा.

आता मुद्द्याचं. गोल्फच्या मैदानाला आपली जमीन दिली तेव्हा कंपनीनं घरटी एक निळं कार्ड दिलं होतं, आजीवन सभासद म्हणून. तू म्हणालास, ‘आक्का, तुझ्या नावानं ऱ्हाऊ दे, आपल्याला काय करायचंय त्याचं.’ परवा ट्रंक आवरताना ते सापडलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं चेलाडी फाटा, तिथनं जीपनं विंझर, आणि विंझरच्या पुढं चालत गेले. त्याच फाटकावर त्याच रखवालदारानं कार्ड बघून मला सलाम ठोकला. आत खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं. मी म्हटलं, मला आत झऱ्यापाशी जायचंय. तर म्हणाले, मॅडम, मैदानात फक्त खेळणारे जातात, आणि खेळायचं तर आधी शिकून परीक्षा द्यावी लागते. म्हटलं, मग शिकवा.

हसतोयस ना? हस. आईनं जाताना काय सांगितलं ते तुलाही ठाऊक आहे, तू तिच्या पायाशीच बसला होतास. ‘चंद्रे, नवं भात घरात आलं की आसरांची ओटी भरत जा. त्या पाण्यातल्या बहिणी, त्यांची ओटी लेकीनंच भरायची.’ मी कागदावर सही केली ती एकाच बोलीवर, की झऱ्याच्या कडेचे ते सात शेंदरी दगड जागचे हलणार नाहीत. शब्द तू दिला होतास. दगड राहिले असतील, पण लेकीला वाट कुठं ठेवलीस? सहा वर्षं ओटी चुकली. यंदा भात निघालं की मी येणार, आणि हातात काठी घेऊन येणार.

तू तिथंच गवत कापायला आहेस. आसरा नीट आहेत ना, ते लिहून कळव. फोन करू नकोस.

चंद्रा


वाडी, विंझरजवळ
२४ जानेवारी

आक्काच्या पायावर डोकं ठिवून संपत लिवतो,

पोस्टमननं तुजं पत्र दिलं तवा म्या गवताच्या मशीनवर हुतो. अक्षर बघितलं आन मशीन बंद केलं. सुपरवायझर लांबनं वरडत हुता, पर म्या खाली उतरून झाडाखाली बसून दोन डाव वाचलं. सुलक्षणाला घरी जाऊन वाचून दाखवलं तर ती रडाया लागली. तिला म्हनलं, आगं रडतीस काय, आक्का शिव्या देतीया म्हंजी आता समदं ठीक हाय.

सातवीपस्तर माजं शुद्धलेखन तूच तपासायचीस. ह्या पत्रातल्या चुका लाल पेनानं करून माघारी धाडू नगंस.

आसरा हायत. जागच्या जागी हायत. भवती जाळी केलीया. तू काळजी करू नगंस.

पर आक्का, ह्या खेळाच्या नादाला तू लागू नगंस. हितं पुण्याची मोठमोठी मान्सं येत्यात. उन्हातान्हात चालायचं, जड काठ्या. तुज्या वयाच्या बाया हितं येत्यात त्या छत्रीखाली बसून सरबत पित्यात. तुला ओटी भरायचीच आसंल तर माज्यापाशी दे. म्या नेऊन ठिवतो. कुनाला कळनार बी न्हाई.

तुजा संपत


उत्रोली
२ मार्च

संपत,

चुका मोजल्या. एकेचाळीस. माघारी धाडत नाही, एवढं प्रेम समज.

ओटी भावानं भरायची असती तर आईनं तुला नसतं का सांगितलं? आसरांची ओटी लेकीनंच भरायची, त्यात बदली माणूस चालत नाही. तेव्हा तो विषय बंद.

मला शिकवायला शेफाली म्हणून मुलगी आहे, पुण्याची, पोरगेलीच आहे पण करडी. मला काकू म्हणते आणि काकूला धारेवर धरते. लुगडं चालणार नाही म्हणाले, म्हणून धनश्रीनं तिची पॅन्ट कमरेत सैल करून दिली. वर कॉलरचा शर्ट आणि पांढरी टोपी. आरशात बघितलं तर निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसत होते.

पहिल्या दिवशी चेंडू एवढासा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, गवतावर ठेवला आणि मी जी काठी फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. चौथ्यांदा गवताचा गड्डा उडून शेजारच्या साहेबांच्या चहात पडला. शेफाली म्हणते, काकू, मान वर काढू नका, चेंडू कुठं गेला ते बघायची घाई करू नका. मला वाटलं, अगं बाई, सगळा जन्म दुसऱ्यांचं टपाल कुठं गेलं ते बघण्यातच गेला, ही खोड आता कशी जायची?

नियमही शिकतेय. वहीत लिहून घेते. दुसरा मारत असताना बोलायचं नाही. त्याच्या सावलीत उभं राहायचं नाही. चेंडू शेवटी खड्ड्यात घालायचा, आणि प्रत्येक खड्ड्याचा डाव सुरू करायची जागा दोन खुणांमध्ये असते, पुरुषांची पांढऱ्या खुणांमधनं, बायकांची लाल खुणांमधनं, जरा पुढून. तेवढं मला आवडलं. कुठंतरी बायांना दोन पावलं पुढं उभं करतात.

आता एक सांग. मागच्या रविवारी मी सरावाच्या मैदानावर होते आणि तू लांबून मशीनवर येत होतास. मला बघितलंस आणि मशीन उलटं वळवून निघून गेलास. मी बोलणार नव्हतेच, पण हात तर केला असता. पॅन्ट घातलेल्या बहिणीची तुला एवढी लाज वाटते का रे? खरं सांग. लोक काय म्हणतील, गवत कापणाऱ्याची म्हातारी बहीण साहेबांचा खेळ खेळते, हेच ना?

चंद्रा


वाडी
२१ मार्च

आक्का,

तुज्या पायाची आन, लाज तुजी न्हाई. तू पॅन्टीत झ्याक दिसत हुतीस, आईगत ताठ. सुपरवायझर म्हनला, ही कोन नवी मेंबर? म्या गप ऱ्हायलो. न्हाई बोललो म्हंजी लाज वाटती आसं न्हाई आक्का. मला न्हाई सांगता येत.

मशीन चालवताना कदी कदी याद येती. जितं आता तिसरा खड्डा हाय तितं आपलं धाकटं खाचर हुतं. तू आन म्या बांधाच्या बिळात हात घालून खेकडं धरायचो. तुज्या बोटाला एकानं आसं धरलं हुतं की तू रडत रडत तसंच हात वर करून घरापस्तर आलीस, खेकडा लोंबकळतोय. आई हसून हसून खाली बसली हुती. आता तितं बांध न्हाई, बीळ न्हाई, समदं आसं सपाट केलंय की पावसाचं पानी बी वाट इचारतंय.

जास्ती उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस.

संपत


उत्रोली
२२ जून

संपत,

खेकड्याची गोष्ट तू अर्धी सांगितलीस. तो खेकडा सुटावा म्हणून आईनं माझा हात झऱ्यात बुडवला होता, आणि मग त्याला मारायचा नाही, पाण्याला परत द्यायचा, म्हणून तुला चापट मारली होती. आसरांच्या पाण्यातलं जीवजनावर आहे ते, असं म्हणाली. त्या रात्री रस्सा चुकला म्हणून तू जेवला नव्हतास.

आज एक घडलं ते तुला कळवल्याशिवाय झोप यायची नाही. पाच महिने मी त्या चेंडूशी झटत होते. कधी उडायचा, कधी घसरत जायचा, कधी लाजून तिथंच बसायचा. आज शेफाली म्हणाली, काकू, तुम्ही गुडघ्यात वाकता, कमरेत वाका. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढं आई आली. आवणीच्या दिवसांत चिखलात कमरेत वाकून, पाठ सरळ, हात सैल, एकेक काडी लावत मागं मागं सरकणारी. तिच्या शेजारी मी. ती म्हणायची, ‘गुडघं मोडू नगं, संध्याकाळी उठाया यायचं न्हाई.’ मी तशी उभी राहिले. मनगट सैल सोडलं, पोस्टात शिक्के मारताना सोडायची तसं. आणि मारला.

काय सांगू तुला. हाताला काही लागलंच नाही असं वाटलं. मान खालीच ठेवली होती, त्यामुळं चेंडू कुठं गेला ते मला दिसलंच नाही. शेफाली ओरडली म्हणून कळलं. मी खाली गवताकडं बघत तशीच उभी, डोळ्यांत पाणी. चाळीस वर्षं मी चिखलात उभी राहिले नाही, लग्न झालं नि पोस्टातली खुर्ची आली. अंगाला अजून सगळं आठवत होतं.

संपा, मी सुरुवात केली ती फाटकातनं आत शिरायला. पण आता रविवारची वाट बघते. हसू नकोस.

आसरांपुढचं गवत वाढू देऊ नकोस, मला बसायला जागा लागेल. भात निघालं की येते.

आक्का


उत्रोली
१७ ऑगस्ट

संपत,

पत्राला उत्तर नाही. दोन महिने होतील. पोस्टाला दोष देऊ नकोस, पोस्ट मला माहीत आहे. आजारी आहेस का? धनश्रीनं सुलक्षणाला फोन लावला तर ती म्हणे, ‘ते बरे हायत, पर बोलत न्हाईत.’ माझ्याशी बोलत नाही ते ठीक आहे, घरच्यांशी बोल.

आक्का


वाडी
३० ऑगस्ट

आक्का,

बरा हाय. काम लई हाय. गवत पावसात रोज वाढतंय.

एक कळवायचं हुतं. ऑक्टोबर नोव्हेंबरात मैदानाची दुरुस्ती हाय. समदं खणणार हायत. तवा परीक्षा पुढल्या साली दे. घाई करू नगंस. एवढी वर्सं गेली, अजून एक गेलं तर आसरा काय रागावत न्हाईत.

संपत


उत्रोली
१९ ऑक्टोबर

संपत,

शेफालीला विचारलं. दुरुस्ती बिरुस्ती काही नाही. तुला लहानपणापासून थाप मारता येत नाही. मारलीस की कानाची पाळी लाल होते, आणि पत्रातही ती मला दिसते.

माझी परीक्षा ३० नोव्हेंबरला ठरली, रविवारी सकाळी. आधी नियमांचे प्रश्न, मग पहिले तीन खड्डे शेफालीसोबत खेळायचे. तिसरा खड्डा झऱ्यापाशी, म्हणजे आता ते तळं म्हणतात त्याच्या काठाला. ओटीचं सामान मी काठ्यांच्या पिशवीतच घालून आणणार. कुणाला कळायचं नाही.

तू मला तिथं येऊ द्यायला तयार नाहीस, एवढं ह्या नऊ महिन्यांत समजलंय. लाज नाही म्हणतोस, मग काय आहे? आसरांचं काही झालंय का? मी सहा वर्षं न बोलता काढली रे, पण न सांगता ठेवलेलं मला सहन होत नाही. खरं काय ते लिही. कितीही चुका असोत.

आक्का


वाडी
१२ नोव्हेंबर

आक्का,

चार डाव लिवलं, चार डाव फाडलं. आता लिवतो ते धाडतोच.

आसरा जागेवर न्हाईत. जाळी बी न्हाई. म्या खोटं लिवलं.

जेसीबी आला त्या दिवशी म्या कामावर लागून तीन दिस झालं हुतं. झऱ्याचं तळं करायचं म्हनून समदी कड वरबाडली. म्या धावत गेलो, तवर साती दगड राडारोड्यासंगं वर ढिगावर येऊन पडलं हुतं. पावसानं धुवून लाल लाल दिसत हुतं. नकाशावाला साहेब आला. त्यानं एक उचलून बघितला आन म्हनला, वा, किती छान लाल दगड, बायकांच्या खुणांना हेच लावा, लाकडी नकोत. समदी हसली. म्या हितं हुबा हुतो आक्का, चार पावलांवर. तोंड उघडलं न्हाई. वाटलं, नोकरी जाईल. वाटलं, निदान आपल्या रानात तरी ऱ्हातील, ढिगाखाली गाडल्या जानार न्हाईत. आसं कायबाय मनाला सांगितलं. खरं म्हंजी म्या भ्यालो.

तवापासनं पयल्या, दुसऱ्या आन तिसऱ्या खड्ड्याला बायका जितनं चेंडू मारत्यात, तिथल्या लाल खुणा म्हंजी आपल्या आसरा. दोन दोन. सातवी, ती बारकी, जिला आई धाकटी म्हनायची, ती उरली. तिला म्या गोणपाटात गुंडाळून माज्या मशीनच्या सीटखाली ठिवलीया. सहा वर्सं ती माज्यासंगं फिरतीया.

अजून एक. एका जागी रोज पाय पडून गवत मरतंय, म्हनून त्या खुणा रोज सकाळी उचलून जरा फुडं मागं ठिवायच्या आस्त्यात. ते काम माजं हाय. आपल्या आसरा रोज सकाळी म्याच उचलतो. पयल्या साली म्या रंगाच्या जागी तेल शेंदूर लावला हुता, तर एका बाईच्या पांढऱ्या कपड्याला लागला आन साहेबानं समद्यांफुडं मला झाडला. आता वरनं रंग आस्तो. खालच्या अंगाला, गवताकडच्या बाजूला, म्या आवसंला शेंदूर लावतो.

तू बायकांच्या खुणांतनंच मारनार. त्या दोघींच्या मधी हुबी ऱ्हानार. तुला कळल्याबिगर ऱ्हानार न्हाई, म्हनून तुला अडवत हुतो. शब्द दिला हुता तो म्या मोडला. आता बोलू नगंस, लिवू बी नगंस, तुजा हक्क हाय.

संपत


वाडी
२३ नोव्हेंबर

आक्का,

अकरा दिस झालं. उत्तर न्हाई. लिवू नगंस म्हनलो ते मनापासनं न्हवतं.

ऐतवारी येनार का न्हाई एवढं तरी कळव.

संपत


उत्रोली
२७ नोव्हेंबर, गुरुवार

संपत,

तुझं बारा तारखेचं पत्र वाचलं आणि काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकली. आठ दिवस धनश्रीशीसुद्धा धड बोलले नाही. मेल्या, देवीच्या अंगावर रंग फासू दिलास? लोक त्यांच्याभोवती बूट घालून उभे राहतात, त्यांच्याकडं बघून थुंकतातही कदाचित, आणि तू मशीन फिरवत बसलास! आई असती तर तिनं तुला झऱ्यात बुडवून काढला असता. फार राग आला. अजून आहे. तुझं पत्र फाडायला घेतलं होतं, पण पत्र फाडायची हाताला सवय नाही.

मग ह्या सोमवारी उठले आणि विंझरला माझ्या मैत्रिणीकडं, सखूबाईकडं मुक्कामाला गेले. तुला सांगितलं नाही. मंगळवारी पहाटे तिची शाल पांघरून कुंपणाच्या तारेबाहेर, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले. थंडीनं दात वाजत होते. तू आलास. पहिल्यांदा तू मशीनच्या सीटखालून गोणपाट काढलंस आणि उघडून ठेवलंस. मग चपला काढल्यास. त्या ओल्या, गार गवतात अनवाणी. तळ्यातनं डब्यानं पाणी आणलंस, एकेक दगड धुतलास, डोक्याच्या पंच्यानं पुसलास, दोन पावलं पुढं ठेवलास. आणि मग पाठ न दाखवता मागं मागं सरकलास, आई सरकायची तसाच. तिन्ही जागी तसंच. कुणी बघत नव्हतं तरी.

संपा, मी तिथं तार धरून रडले. आईनं वर्षातून एकदा केलं, मी तर सहा वर्षं केलंच नाही, नुसता राग धरून बसले. तू रोज करत होतास आणि पापी म्हणवून घेत होतास.

मी रविवारी येते. तिसऱ्या खड्ड्यापाशी त्या दोघींची ओटी भरीन, बाकीच्यांना तिथनंच हात जोडीन. तेवढ्यावर माझं भागेल. तू काही करू नकोस, साहेबांना काही बोलू नकोस. ह्या वयात तुझी नोकरी घालवून मला ओटी भरायची नाही.

तुझी आक्का


उत्रोली
३० नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

संपा,

आता आपण बोलतोय, तरी हे लिहिते. तिथं मला धड काही बोलता आलं नाही.

माझं गुरुवारचं पत्र तुला मिळालं नव्हतं, हे मला तुझ्या तोंडाकडं बघूनच कळलं. मिळालं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. बरं झालं पोस्टाला उशीर झाला. हे वाक्य मी लिहीन असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

नियमांचे प्रश्न झाले, सगळे बरोबर आले. पहिल्या खड्ड्यावर गेलो तर लाल खुणा नाहीत. शेफाली म्हणाली, विसरले वाटतं. दुसऱ्यावर गेलो, तिथंही नाहीत. मला वाटलं, तू घाबरून लपवल्यास, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. मनात तुला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नकोस. चेंडू तर दोन्हीकडं कुठंही गेले.

आणि तिसऱ्यावर चढ चढून आलो, तर तळ्याच्या काठाला सातीजणी. एका रांगेत. ओला शेंदूर लावलेल्या, धाकटी कडेला. आणि तू बाजूला टोपी हातात घेऊन उभा. मागून साहेबांची ती बॅटरीची गाडी येत होती, तुला दिसत होती, तरी तू हलला नाहीस.

मी तांदूळ दोघींपुरतेच आणले होते. नवा इंद्रायणी, आमच्या खाचरातला. खण दोन, बांगड्या दोघींच्या. मुठी लहान लहान केल्या, बांगड्या सुट्या करून वाटल्या, खण आडवे पसरून सगळ्यांच्या पायाशी सरकवले. मागं चार मेंबर खोळंबले होते. त्यांतल्या एका बाईनं काही न बोलता बूट काढले, ते मी बघितलं. साहेब तुझ्यावर ओरडत होते ते कानावर येत होतं. आणि तू म्हणालास, ‘सायेब, ह्या खुणा न्हाईत. ह्या आमच्या आसरा हायत. सहा वर्सं म्या बोललो न्हाई, ती माजी चूक. आता ह्यांना म्या उचलनार न्हाई. मला काढायचं तर काढा.’ तुझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. साहेब म्हणाले, उद्या ऑफिसात ये, आणि गाडी वळवून गेले.

ओटी भरली की काहीतरी मागायचं असतं. मला एकदम काही सुचेना. मी म्हटलं, एवढ्या दिवसांचा अबोला आहे, मला पहिला शब्द सुचू दे. डोळे उघडले तर तू समोर, रडवेला, डोक्यावरचे पांढरे केस वाऱ्यानं उडालेले. केवढा म्हातारा झालास रे. आणि सकाळचे साडेआठ वाजलेले, तरी माझ्या तोंडून काय निघालं, तर ‘जेवलास का?’ तू ‘व्हय’ म्हणालास. बस, एवढंच बोलणं झालं आपलं. मग शेफाली म्हणाली, काकू, चेंडू मारायचाय ना?

मारला. मान वर काढली, कारण तू बघतोयस का ते मला बघायचं होतं. चेंडू वीस पावलं घरंगळला आणि थांबला. नापास झाले. जानेवारीत परत बसायचंय.

उद्या ऑफिसात काय झालं ते कळव. फोन केलास तरी चालेल, मी उचलते. पण पत्रही लिही. मला आता त्याची चटक लागली आहे.

तुझी आक्का


वाडी
४ डिसेंबर

आक्का,

कार्डावर जागा कमी, म्हनून थोडक्यात.

सायेब लई बोलला. पर काढलं न्हाई. बूट काढलेली ती बाई आदीच ऑफिसात जाऊन बोलली हुती म्हनं. आसरा तळ्याच्या काठालाच ऱ्हानार. लाकडाच्या नव्या खुणा करायच्या, त्या म्याच रंगवतोय. आज सकाळी सवयीनं चपला काढल्या, डबा घेतला आन निम्म्या वाटंत थबाकलो. आता आसरा उचलायच्या न्हाईत, हे ध्यानातच येत न्हाई.

फोनवर सांगनार हुतो, पर तोंडानं जमलं न्हाई. इतकी वर्सं तुज्यापासनं लपवलं, आता कायबी लपवायचं न्हाई असं ठरवलंय. त्या दिवशी तू इचारलंस, जेवलास का, आन म्या व्हय म्हनलो. ते खोटं हुतं आक्का. शनिवारी सकाळपासनं पोटात घास गेला न्हवता. तू इचारलंस, तवा लई भूक लागली.

संपत